शेवटचा भाग लागेपर्यंत

१४ सप्टेंबर, रविवार

आज फोनवर मी एक खून करायचं कबूल केलं.

फोन मुंबईहून होता. हेतल नावाची मुलगी, एका मनोरंजन वाहिनीची. बोर्ली पंचतनच्या दारूबंदी सभेतलं माझं भाषण तिने मोबाईलवर पाहिलं होतं. "मॅडम, तुम्ही बोलता ना, माणूस जागचा हलतच नाही. तसं आपल्यासाठी लिहा ना." हवं काय, तर दर रविवारी संध्याकाळी लागणारी मालिका. किनाऱ्यावरचं गाव, म्हाताऱ्याचा वारसा, लपवलेलं सोनं आणि एक खून. "पण रक्त नको हां. फॅमिली जेवता जेवता बघते. खून पण कसा, घरगुती."

टीव्हीला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. शाळेत असताना पालकसभेत तो फोडून टाका म्हणून सांगितलं. पण सभेला दोनशे माणसं येतात आणि त्यातली निम्मी शेवटच्या चहासाठी थांबलेली असतात. टीव्हीपुढे लाखो माणसं हातात घास घेऊन बसतात. लेकीच्या वाट्याबद्दल, घराघरांतल्या हावरेपणाबद्दल जे मी मैदानात ओरडून सांगितलं, ते आता त्यांच्या ताटाशेजारी बसून सांगता येईल.

खुनाचा शोध लावणारी एक निवृत्त मास्तरीण असेल, हे फोन ठेवायच्या आत ठरलं. ती मीच, उघड आहे. लाजायचं कशाला?

२१ सप्टेंबर, रविवार

कोळीवाड्यात पूनमकडे गेले होते. तिचा सासरा, अनंता तांडेल, ऑगस्टात गेला. पहाटे ओहोटीला होडीवर चढताना फळीवरून पाय घसरला आणि डोकं जेट्टीच्या दगडावर आपटलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं. शंका यावी असं काही नव्हतंच. नवरा दीपेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाडीवर असतो, दोन-तीन आठवड्यांनी घरी येतो. म्हणजे होडी, खलाशी, मासळीचा लिलाव, खळ्यावरचं वाळवण, सगळं आता या एकटीच्या डोक्यावर.

चहा पिता पिता मी विचारलं, सुतक चालू असताना चौथ्या दिवशी होडी समुद्रात का पाठवलीस? कोळीवाड्यातली कृष्णाबाई तेव्हापासून कुरकुरते आहे.

"जाली आबांनीच दर्यातल्या खुंटांना बांधलेली, बाई. तशीच ऱ्हायली असती तर उधाणात चिंध्या झाल्या असत्या. आबांनी हातानं विणलेली जाली. त्यांचं सुतक पालायला त्यांचंच जालं घालवू?" मग पदराने कप धरून म्हणाली, "रडायचंबी ऱ्हायलंय माझं. सवड झाली की रडीन."

चांगलं बोलली. परत येताना मात्र माझ्या डोक्यात भलतंच चालू झालं होतं. सासरा गेल्यावर चौथ्या दिवशी होडी समुद्रात लोटणारी सून. काय पात्र आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आराखडा मंजूर. एक श्रीमंत तांडेल, होडीचा मालक, फळीवरून पडून मरतो. पोलीस म्हणतात अपघात. पण सून केसर चौथ्याच दिवशी होडी पाठवते आणि मास्तरणीच्या मनात पाल चुकचुकते. कसली एवढी घाई? तिकडे सासरी गेलेली लेक वाटा मागायला येते. म्हाताऱ्याच्या तरुणपणी आखातातून रात्री उतरवलेलं सोनं किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या जुन्या होडीच्या दुहेरी तळात आहे, अशी कुजबुज गावात असते.

हेतल खूश. "सून एकदम कडक. चौथ्या दिवशी होडी. हे तुम्हाला सुचतं कसं?"

मी म्हटलं, निरीक्षण.

खुनी कोण, ते अजून ठरवायचं नाही म्हणे. लोक काय बोलतात ते बघून शेवटी ठरवू. हे मला पटलेलं नाही. लेखकाला आपला गुन्हेगार ठाऊक हवा. पण त्यांची पद्धत अशी आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिला भाग जैबुन्निसा भाभींच्या ओसरीवर पाहिला. भाभी सुकी मासळी घेऊन बोर्लीच्या बाजारात विकतात. पोरांनी आखातातून पाठवलेल्या पैशाने घेतलेला त्यांचा टीव्ही कोळीवाड्यातल्या कुठल्याही भिंतीपेक्षा मोठा आहे. सगळा वाडा लोटला होता.

सुरुवातीला पाटी आली: या मालिकेतील पात्रे व घटना काल्पनिक असून. भाभींनी मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, "आता कळलं ना, सगलं खरं हाय म्हणून."

हशा पिकला. केसर पडद्यावर आली तेव्हा कुणीतरी पूनमला ढोसलं. तीही हसली. "माझ्यापरीस गोरी हाय. आन् बोंबील पकडलाय कसा बघा, जसा पेन."

मला फार बरं वाटलं. माझ्या भाषणात कधी कुणी एवढं हसलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल होडीचा प्रसंग लागला. नटीने तो अप्रतिम केला आहे. घरात दिवा तेवतोय, बायका रडताहेत आणि ही खलाशांना हाताने खूण करते: निघा. ओसरीवर इतकी शांतता पसरली की लाटांचा आवाज यायला लागला. पूनम मध्येच उठून गेली. तिचं खळ्यावर काही काम राहिलं असावं.

आज जेट्टीवर लिलावाला गेले तर गर्दीने मला वाट करून दिली. अशी वाट मला मिरवणुकीतही कुणी दिली नव्हती. पूनमच्या टोपलीपाशी मात्र गिऱ्हाईक दिसलं नाही. हल्ली मांदेलीला भाव नाही म्हणतात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कृष्णाबाई घरी आली. कोळणींची ती म्होरकी, जमातीच्या पंचांत बसणारी एकटी बाई. तिला तिथे बसवण्यासाठी मीच भांडले होते. पंख्याखाली बसून तिने घाम पुसला आणि थेट विषयाला हात घातला.

"बाई, तुमाला कवा कललं?"

"काय?"

"पूनमचं."

मी समजावलं. हे कल्पित आहे. केसर म्हणजे पूनम नाही. अनंताला कुणीही मारलेलं नाही. ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो वर्गात मुलांच्या चेहऱ्यावर असतो, जेव्हा त्यांना ठाऊक असतं की शिक्षक परीक्षेत येणारा प्रश्न उघड सांगू शकत नाही.

"व्हय, व्हय. कोर्टाचं झंझट असतंय. नाव घेता येत न्हाय."

"कृष्णाबाई, मी हे रचलंय."

"तुमी?" तिला खरोखर हसू आलं. "बाई, तुमी दारूवाल्याच्या तोंडावर खरं बोललात. आमदाराच्या तोंडावर बोललात. माझ्या नवऱ्याला सगल्यांदेखत काय बोललात ते अजून माझ्या कानांत हाय. स्टेजवर काय म्हनायचात, जे डोल्यांनी बगितलं तेच बोलते. आन् आता म्हातारपनी रचायला लागलात?"

मी उठून चहा टाकला.

९ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी अनंताची जुनी होडी कुणीतरी फोडली. किनाऱ्यावर पालथी पडलेली, जिच्या आडोशाला पूनम मीठ आणि टोपल्या ठेवायची, ती. पहारीने फळी न् फळी उचकटली होती. आत कुजलेलं लाकूड आणि खेकडे.

मी पोचले तेव्हा पूनम फळ्या गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "सोनं तुमी नक्की कुठं ठेवलंय ते तरी सांगून टाका, बाई. म्हंजे चूल उकरायच्या आधी मीच काढून देते."

मी म्हटलं, मी पोलिसांत जाते.

"दीपेश आला व्हता रविवारी." फळी फळीवर ठेवत ती बोलली. "जेवला. हात धुतला. मग म्हनाला, आबा पडले तवा तू कुठं व्हतीस? लग्नाला एवढी वरसं झाली, मानसानं मला कवा विचारलं न्हाय कुठं व्हतीस म्हनून."

मी लगेच शाळेच्या पटांगणात सभा लावली. कथा आणि वास्तव यांतल्या फरकावर मी इतकं चांगलं कधी बोलले नसेन. अफवेने किती घरं जाळली, ते सांगितलं. शेवटी आवाज चढवून म्हणाले, या गावात कुणाचाही खून झालेला नाही. टाळ्या पडल्या. उतरताना एक म्हातारा खलाशी आदराने म्हणाला, "झाक बोललात. असंच बोलावं लागतं."

भाभी घरापर्यंत सोबत आल्या. "बाई, तुमचा आवाज बंद करून बोलता येतं का तुमाला? आवाज चढला का लोकांना वाटतं, आत काहीतरी दडलंय."

२१ डिसेंबर, रविवार

जमातीची बैठक झाली. पूनमला खळ्यावर मासळी वाळवायला बंदी. खळं जमातीचं, कोणत्या घराने कुठे वाळवायचं ते पंच ठरवतात आणि सासऱ्याची जागा सुनेला मिळते, ती जमातीच्या मान्यतेने. हंगाम भरात आहे. ओले बोंबील पडेल त्या भावात विकून टाकायचे तर खलाशी टिकणार नाहीत. खलाशी गेले की होडी गेली. नवरा तर आत्ताच गेल्यासारखा आहे.

मी कृष्णाबाईकडे धावत गेले.

"कायमची बंदी न्हाय," ती म्हणाली. "पंचांनी काय ठरवलंय, शेवटचा भाग लागू द्या. मग बगू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुमी शेवटी नाव घेणारच ना? केसर असंल तर पूनमनं खलं सोडायचं. न्हाय तर तिची जागा तिला. यात काय वाकडं हाय? घाईत कुनावर अन्याव नको. तुमीच शिकिवलंय."

४ जानेवारी, रविवार

सुनेवरचा संशय उतरवावा म्हणून मी दोन भागांत लेकीला पुढे आणलं. वाटा मागणारी, बापाशी भांडलेली लेक. आज अनंताच्या लेकीचा, प्रणालीचा फोन आला. मुरूडकडच्या सासरहून.

"बाई, माजी सासू आजपासून माज्या हातचं पानी घेत न्हाय. मी आबांकडं कवा वाटा मागितलाच न्हाय. तुमी भाशनात सांगितलेलं, मागा म्हनून. मी मागितला न्हाय."

लेक मागे घेतली. मग वाटलं, खुनी खलाशी करावा. पण पूनमच्या होडीवर खलाशी चारच आहेत. मग एक सुक्या मासळीचा व्यापारी सुचला. पात्र छान उभं राहत होतं. लिहिता लिहिता भाभींची ओसरी डोळ्यांपुढे आली आणि या दिवसांत भाभींसारख्या नावाच्या माणसावर बोट ठेवलं तर काय होईल ते दिसलं. पान फाडलं.

हेतलला म्हटलं, शेवटी तो अपघातच निघू दे.

"मॅडम, एवढे आठवडे लोकांना बसवलं आणि शेवटी पाय घसरला? टीव्ही फोडतील लोक. कोणीतरी मारायलाच पाहिजे ना."

कुणालाही निवडलं तरी गावात त्या मापाचा माणूस उभा आहेच. असं का व्हावं? मी तर सगळं कल्पनेने लिहिलं.

६ जानेवारी, मंगळवार

सुटलं. खून मास्तरणीने केला.

हेतल फोनवर जवळजवळ नाचली. "डिटेक्टिव्हच मर्डरर. मॅडम, तुम्ही जीनियस आहात. पण मोटिव्ह?"

तो मी एका बैठकीत लिहून काढला. मास्तरणीला सोन्यात रस नाही. ती आयुष्यभर गावाला सुधारत आली आणि हा एकटा तांडेल तिचं ऐकत नाही. ती बोलायला लागली की जाळं विणत बसतो आणि गालात हसतो. एका पहाटे ती फळी सरकवते. नंतर स्वतःच शोध घ्यायला निघते, कारण सत्य आपल्याच तोंडून बाहेर पडावं असं तिला वाटतं.

"किती रिअल वाटते ही बाई," हेतल म्हणाली. "तुम्हाला अशी कोणी माहिती आहे का?"

मला जरा राग आला. म्हटलं, नाही, ही पूर्ण काल्पनिक आहे.

२५ जानेवारी, रविवार

शेवटचा भाग घरीच पाहिला. दरवाजा लावून घेतला होता. माझ्या मास्तरणीने कबुली दिली तेव्हा भाभींच्या ओसरीवरून काही ऐकू येतं का म्हणून कान दिला. ओरडा नाही, कुजबुज नाही. थोड्या वेळाने माणसं आपापल्या घरी जाताना चपलांचे आवाज आले.

भाभी मागच्या दाराने आल्या. हातात शिरखुर्म्याची वाटी, सण काही नसताना.

मी विचारलं, लोकांना धक्का बसला का?

भाभी बराच वेळ वाटीवरचं झाकण नीट करत राहिल्या. "न्हाय," त्या म्हणाल्या. "कोनाला काय वाटलं न्हाय. 'तरीच' म्हणाले."

"तरीच म्हणजे काय?"

"खाऊन घ्या बाई. थंड झाला तर दाट होतो."

कुणीतरी म्हणायला हवं होतं की नाही, बाई असं करणार नाहीत. एकाने तरी. पूनमसाठी उभी राहिले तशी माझ्यासाठी उभी राहणारी कुणी बाई मी इतक्या वर्षांत तयार केली नाही का? आज हे लिहिताना मला उगाच रडू येतं आहे. बहुधा दमले आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

जमातीची बैठक संध्याकाळी खळ्यावरच होती. बोलावणं मला नव्हतं. मी गेले. पंच चटईवर, बाकी माणसं होडीच्या दोरखंडांवर. पूनम एका बाजूला उभी, तिच्यापासून हातभर अंतरावर दीपेश.

कृष्णाबाईने विचारलं, "पूनम, तुला काय बोलायचं हाय?"

पूनम बोलली. तिचा आवाज मी सभेत कधी ऐकला नव्हता. बारीक आहे, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"आबा जायच्या आदल्या सांजेला बाई जेट्टीवर आल्या व्हत्या. आबांच्या अंगावर वरडत व्हत्या. तुझ्यासारखी मानसं बुडाल्याशिवाय हा कोलीवाडा सुधारायचा न्हाय, असं म्हनाल्या. मी ऐकलंय. जेट्टीवर अजून मानसं व्हती, त्यांनीबी ऐकलंय."

दोन-तीन माना हलल्या. ऐकलं होतं.

खरं आहे. हे शब्द माझेच. अनंताने त्या दिवशी खवळलेल्या समुद्रात होडी नेली होती, खलाशांच्या अंगात लाइफ जॅकेट नाहीत, आणि मी पोटतिडकीने ओरडत होते. तो हसला होता. मग त्याने माझ्या पिशवीत मूठभर कोळंबी टाकली आणि म्हणाला, घरी जा बाई, घसा बसंल. पूनम तिथेच होती. कोळंबी तिच्याच टोपलीतली. तिने ते सांगितलं नाही. बोलताना ती माझ्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते, राग नव्हता. काम संपवून टाकावं तसं तिचं बोलणं होतं.

माझ्या घशात उत्तर तयार होतं, पहिल्या वाक्यासकट. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं. मी बोलले असते तर सभा माझी झाली असती. अपघात होता, हे कदाचित पटलंही असतं. पण मग मास्तरीण सुटली असती, आणि ती सुटली की माणसांच्या नजरा पुन्हा शोधायला लागल्या असत्या. सगळ्यांत जवळ पूनमच उभी होती. तिच्यामागे तिच्या जागेवरचे, बोंबील टांगायचे रिकामे बांबू.

कृष्णाबाई म्हणाली, "बाई, तुमाला काय सांगायचंय?"

एवढी माणसं, एवढी शांतता, आणि मला बोलायला सांगितलेलं. मी काही बोलले नाही.

पंचांनी पूनमची जागा पूनमला दिली. दीपेश तिच्याकडे सरकला. ती सरकली नाही. दोरी काढून ती बांबूंच्या गाठी तपासायला लागली.

माणसं उठली. माझ्या बाजूने जाताना पोरांना आयांनी हाताला धरून ओढून घेतलं. कृष्णाबाई थांबली, माझ्याजवळ आली आणि तिने माझा हात हातात घेतला.

"पोलिसांकडं कोनी जानार न्हाय. जमातीत मिटलंय. पन एक सांगते. दुसरा कोनी असता तर सुनंच्या गल्यात घालून मोकला झाला असता. तुमी स्वताचं नाव घेतलंत. जल्मभर खरं बोललात, आन् शेवटी हेबी खरंच बोललात." तिचे डोळे भरून आले होते. "व्हय ना, बाई?"

खळ्यावर पूनमचा हात गाठीवर थांबला होता.

"व्हय," मी म्हणाले.